मलमाचा काला

बाई गेल्याची बातमी मला सांगलीत राहून सांगलीतून कळली नाही, ती जतच्या पलीकडून कळली. सकाळी चहा गाळत होतो, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे हिराबाई, आणि तिच्या मागं मेंढरांचा कालवा. “आवं सर, बाई गेल्या म्हनं... खरं हाय का?” मी म्हटलं, काहीतरीच काय बोलतेस, परवाच भेटून आलोय. “न्हाई सर, गेल्या. पलूसच्या सुमनचा भाऊ त्याच दवाखान्यात कामाला हाय. सकाळच्या पारी गेल्या.” मग तिनं जे विचारलं त्यानं माझ्या हातातली गाळणी तशीच अधांतरी राहिली. “बाईस्नी शेवटाला कळलं का वो? तुमी सांगितलंसा का?” मी म्हटलं, “नाही.” नंतर बराच वेळ फोनवर नुसती मेंढरं ओरडत होती.

या प्रश्नाचा अर्थ लावायचा तर बाईंची आणि त्यांच्या वेडाची ओळख करून द्यायला हवी. डॉ. मालन शिंदे, त्वचारोगतज्ज्ञ. त्या गेल्यावर पेपरात चार ओळी आल्या, त्यात ‘मनमिळाऊ’ असा शब्द होता. मी तो वाचून चक्क हसलो. बाई आणि मनमिळाऊ? आमच्या ओळखीच्या सगळ्या वर्षांत त्या माझ्याशी भांडल्या नाहीत असा आठवडा मला आठवत नाही. कोरेगावकडच्या एका खेड्यातल्या ऊस पिकवणाऱ्या घरातली ही मुलगी. वडील सुभेदार, काका हवालदार, भाऊ फौजेत. आत्याच्या नावावरून हिचं नाव मालन ठेवलेलं. मेडिकलला असताना वर्गातल्या मुली त्या नावावरून चिडवायच्या, तर ही म्हणायची, नाव बदलायचं असेल तर तुमचं बदला. बोलणं एरवी अगदी पुस्तकी, पण एकदा का आनंद झाला की पुस्तक बाजूला पडायचं आणि कोरेगाव बाहेर यायचं. “लय भारी, सर! लय भारी!” आणि बाईंना आनंद व्हायला फारसं काही लागत नसे. सूक्ष्मदर्शकाखाली एखादी पेशी नीट रंगलेली दिसली तरी त्या वॉर्डबॉयला ओढून आणून दाखवायच्या.

मी फार्मसी कॉलेजात औषधनिर्माण शिकवायचो. शिस्तीचा माणूस, थोडा तुसडा, असं विद्यार्थी म्हणत आणि ते खोटं नव्हतं. एक दिवस प्रात्यक्षिक चालू असताना बाई दार ढकलून आत आल्या. “मगदूम सर तुम्हीच ना? मला असं मलम पाहिजे, की जे लावताना पोर रडणार नाही.” मी त्यांना मलमं का झोंबतात याची सगळी कारणं सविस्तर सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाल्या, “उद्या एका पोरीला घेऊन येते. ही कारणं तुम्ही तिलाच सांगा.”

ती पोरगी म्हणजे हिराबाईची माया. काही मुलांच्या कातडीचे थर जन्मतःच एकमेकांना नीट चिकटलेले नसतात. जरा घासलं की फोड येतो, फोड फुटला की जखम होते, जखम भरते न भरते तोच शेजारी दुसरा फोड. काही मुलांच्या तोंडात, घशातसुद्धा फोड येतात. मायाला काखेत धरून उचलायचं नाही, तळहातावर झेलून घ्यायचं. तिचा झगा उलटा घातलेला होता. मला वाटलं, घाईत निघाले असतील. हिराबाई म्हणाली, “शिवन टोचती वो आतनं.” मी माझी कारणं गिळली आणि कामाला लागलो. झोंबणार नाही असं मलम करायला आम्हाला किती खटपट करावी लागली ते इथं सांगत नाही. रोज संध्याकाळी बाई माझ्या प्रयोगशाळेत येऊन नवा नमुना स्वतःच्या ओरखड्यावर लावून बघायच्या आणि “झोंबतंय हो!” म्हणून माझ्यावरच डाफरायच्या, एवढंच सांगतो.

हिराबाईचं लग्न सख्ख्या आत्याच्या मुलाशी झालेलं. आमच्या या पूर्वेच्या कोरड्या भागात हे नवलाचं नाही, उलट आत्याचा मुलगा सोडून बाहेर दिलं तरच चार लोक विचारतात. तिची सासू, म्हणजे तिची आत्याच, पोरीचा आजार म्हणजे देवाचं काहीतरी राहिलंय असं धरून बसली होती, आणि राहिलं ते सुनेकडूनच. बाई जतच्या पलीकडं त्यांच्या वस्तीवर गेल्या, म्हातारीसमोर मांडी घालून बसल्या. एकाच रक्तातलं दडलेलं उणं दोन्हीकडून आलं की असं होतं, यात हिराचं काही नाही आणि तिच्या नवऱ्याचंही नाही, असं त्यांनी दुपारभर सांगितलं. म्हातारीला ते पटलं की नाही कोण जाणे, पण त्यानंतर तिनं सुनेला बोल लावणं सोडलं. परत येताना गाडीत बाई मला म्हणाल्या, “सर, मला औषध सापडो न सापडो, आजचा दिवस वसूल.”

औषध मात्र त्यांना हवंच होतं. दुसऱ्याच एका आजारावरचं जुनं औषध या जखमांवर चालेल अशी त्यांची कल्पना होती, आणि ती खरी की खोटी हे त्यांना तपासायचं होतं. त्यासाठी पहिली योजना ठरली ती सरळ, नेहमीची. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतली जी मुलं येतील त्यांतल्या निम्म्यांना औषध घातलेलं मलम, निम्म्यांना तेच मलम औषधाशिवाय. मलमपट्टी, देखभाल सगळ्यांना सारखीच. कोणाला काय मिळालं हे आयांना माहीत नाही आणि बाईंनाही नाही. माहीत फक्त मला, कारण ट्यूबा भरणारा मी. मी बाईंना एकदा विचारलं होतं, तुम्ही स्वतःपासून कशाला लपवता? त्या म्हणाल्या, “उत्साही डॉक्टरला आपलं औषध लागू पडलेलंच दिसतं. आणि माझ्यासारखी उत्साही बाई तुम्ही दुसरी पाहिलीय का?” पाहिली नव्हती.

महिन्यातून एकदा सगळी मुलं यायची. त्वचाविभागाच्या मागं एक लांबट खोली बाईंनी भांडून मिळवली होती, तिला आयांची खोली म्हणत. जत, आटपाडी, पलूस, माण, वाई, कुठकुठून निघालेल्या बाया तिथं टेकायच्या. फडकी सोडायच्या, आणि भाकरी, पिठलं, ठेचा, एखादीनं आणलेली शेंगापोळी, सगळं मधोमध एकत्र व्हायचं. पलूसची सुमन उसाच्या बागायतदार घरातली, हिराबाई मेंढरांमागं हिंडणारी, पण कोणाची भाकरी कोण खातंय हे तिथं सांगता येत नसे. मला हे दृश्य फार आवडायचं. त्यातून पुढं काय होणार आहे याची मला कल्पना असती तर आवडलं नसतं.

नियम असा होता की वापरलेल्या ट्यूबा परत आणायच्या, मी त्या वजन करून ठेवायचो. एका महिन्यात रिकाम्या ट्यूबांबरोबर माझ्यासमोर स्टीलच्या छोट्या डब्याही आल्या. मी विचारलं, हे काय? हिराबाई कौतुकानं म्हणाली, “टूबा हितंच पिळतो की आमी. परातीत.” मला नीट कळेना. “समद्या टूबा परातीत पिळतो, चांगलं कालवतो, आन् डब्यात वाटून घेतो. काला केला, सर! कुनाचं लेकरू मागं ऱ्हायला नको.” गोपाळकाल्याला सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवून सगळ्यांना वाटतात, तसं या बायांनी माझं औषध आणि माझं बिनऔषध एका परातीत कालवलं होतं! मी खुर्ची ओढून बसलो. मग उठलो आणि बाईंना बोलावून आणलं.

“पहिल्या महिन्यापासून?” बाईंनी विचारलं. “व्हय की!” हिराबाई म्हणाली. खोलीतल्या सगळ्या बाया हसऱ्या चेहऱ्यानं माना हलवत होत्या. आता स्फोट होणार म्हणून मी दाराकडं सरकलो, आणि झालाच. “अगं हिरा, काय करून बसलीस! आता मला यातलं काय कळणार? सगळं मातीत घातलंत की गं!” हिराबाई रडेल असं वाटलं, पण ती उलट कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “तुमीच म्हनला न्हवं, निम्म्या पोरास्नी नुसतं मलम? मग माजी पोरगी त्या निम्म्यात आली तर? सुमनची आली तर? येका ठिकानी जेवतो आमी, आन् औशिद तेवडं येकीलाच?” बाई ओरडल्या, “अगं, ते औषध आहे का अपाय आहे, हेच मला अजून माहीत नाही!” हिराबाई म्हणाली, “मग तर समद्यांनी घेतलं त्ये बरंच झालं की.” बाई तिच्याकडं बघत राहिल्या... आणि मग त्यांना असं हसू फुटलं की पदर तोंडाला लावून त्या भिंतीला टेकल्या. सुमन हसायला लागली, आया हसायला लागल्या, पोरं हसायला लागली. मी एकटा हसलो नाही. माझी सगळी मेहनत परातीत गेली होती.

कोणी यात शहाणपण वगैरे शोधू नये. तो सरळसरळ घोटाळा होता. परवानगी देणाऱ्या समितीला कळवावं लागलं, बोलणी खावी लागली, तोवरचं काम बाद झालं. बाई काही दिवस गप्प होत्या आणि बाई गप्प असणं ही फार वाईट खूण. मग एक दिवस मी वर्गात शिकवत असताना दार धाडकन उघडलं. बाई थेट फळ्यापुढं आल्या, दोन्ही हात वर करून सगळ्या वर्गाला दाखवत म्हणाल्या, “मगदूम सर, पोराला हात किती?” वर्ग खिदळायला लागला. “अहो, दोन! एका हाताला हे, दुसऱ्याला ते! एकही पोर मागं राहत नाही, आणि तुलना त्याच पोराची त्याच पोराशी! लय भारी!” मी चष्मा काढून पुसला आणि म्हटलं, “ही पद्धत पुस्तकात आहे, बाई.” त्या म्हणाल्या, “मग इतके दिवस झोपला होतात का?” त्यानंतर त्या तासाला मी काही शिकवू शकलो नाही आणि मुलांनाही काही शिकायचं नव्हतं.

उजव्या हाताची ट्यूब तांबड्या टोपणाची, डाव्या हाताची पांढऱ्या. कुठल्या पोराच्या कुठल्या टोपणाखाली औषध घालायचं ते मी एकेका पोरासाठी नाणं उडवून ठरवायचो, आणि अर्थातच कोणाला सांगायचो नाही. आयांच्या खोलीत बाईंनी हे सगळं समजावलं. हिराबाईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आन् मला तांबडं गुनाचं दिसलं, तर मी दोनी हातास्नी तांबडंच लावनार. आदीच सांगून ठेवते.” बाई म्हणाल्या, “कागदावर अंगठा देतेस ना, की असं करणार नाही म्हणून?” हिराबाई म्हणाली, “अंगटा मागल्या बारीला बी दिलाच व्हता की.” मग तिनंच आपल्या पिशवीतून बिरोबाच्या भंडाऱ्याची पुडी काढली. हळदीची ती चिमूट हातात घेऊन दिलेला शब्द मोडायची तिच्या घरात कोणाची छाती नव्हती. एकेकीनं भंडारा उचलला. पलूसच्या सुमननं उचलला, वाईहून आलेल्या गुरवाच्या बाईनंही उचलला. मग हिराबाईनं पुडी बाईंच्या समोर धरली. “आता तुमी.” “मी कशाला?” “तुमी बी सरास्नी इचारायचं न्हाई. शेवटचं पोर हुईस्तवर.” बाईंनी भंडारा उचलला, कपाळाला लावला, थोडा नाकावर सांडला. मी म्हटलं, माझं काय? हिराबाई म्हणाली, “तुमास्नी कशाला? तुमी तर दगडच हायसा.”

पुढचा काळ आमच्या आयुष्यातला सगळ्यात धमाल काळ होता. मे महिन्यात जतच्या उन्हात या पोरांची कातडी फार सोसायची, म्हणून बाईंनी एक बस ठरवली, सगळ्या सीटांवर कापसाच्या दुलया अंथरल्या आणि सगळ्यांना महाबळेश्वरला नेलं. तिथल्या ओळखीच्या एका शेतकऱ्यानं पोरांना स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात सोडलं. मायाला घट्ट काही गिळता येत नसे. तिला बाईंनी स्ट्रॉबेरी दुधात कुस्करून भरवली आणि तिनं सगळी बाईंच्या साडीवर ओकून टाकली. “रंग चांगला आलाय,” असं म्हणून बाई तीच साडी नेसून दिवसभर हिंडल्या. आणि दर महिन्याला, मुलांचे दोन्ही हात उशीवर शेजारी शेजारी ठेवून, जखमा मोजून झाल्या की त्या मान वर करून माझ्याकडं बघायच्या. काही विचारायच्या नाहीत. नुसत्या बघायच्या, डोळे लकाकत असायचे. मी खिडकीबाहेर बघायचो. “चेहरा असा पाडू नका हो, सर,” त्या म्हणायच्या, “तुमचा चेहरा पडलेला दिसला तरी मला काहीतरी वाटतंच!”

दिवाळीनंतर त्यांचं पोट दुखायला लागलं. त्या स्वतः डॉक्टर, त्यामुळं अर्थातच दुर्लक्ष केलं. कळलं तेव्हा स्वादुपिंडाचा कर्करोग पसरलेला होता. मला त्यांनी ते ट्यूबांची मागणी सांगता सांगता मध्येच सांगितलं, आणि लगेच विचारलं, “माणच्या पोराचं कधी संपतंय?” माणचा तो मुलगा सगळ्यात उशिरा आलेला, त्याची मुदत सगळ्यात शेवटी संपणार होती. मी महिना सांगितला. त्या काहीतरी मनाशी जुळवत राहिल्या आणि म्हणाल्या, “बघू या.” मला भयंकर राग आला. कोणाचा आला, देवाचा की त्यांचा, ते मला अजून कळलेलं नाही.

शेवटी त्या उठूही शकत नव्हत्या, तरी फोनवर मुलांच्या हातांचे फोटो मोठे करून जखमा त्याच मोजत होत्या. त्या गेल्या त्याच्या दोन दिवस आधी मी गेलो, तर हिराबाई मायाला घेऊन आधीच आलेली. मी बसल्यावर ती उभी राहिली. बोलायचं ठरवून आली होती. “बाई, आमी समद्या बोललो. भंडाऱ्याचं आमचं आमी बगून घेतो, बिरोबाला जाऊन सांगतो. तुमी इचारा सरास्नी. आमी सोडलं तुमास्नी.” बाई माझ्याकडं बघायला लागल्या. मला सांगायचं होतं. ज्या गोष्टीसाठी या बाईनं आयुष्य घालवलं ती माझ्या जिभेवर होती, आणि तिच्याकडं दिवस उरले नव्हते. मी तोंड उघडलं, “बाई...”

बाईंनी दोन्ही कानांत बोटं घातली. सलाईन लावलेल्या हाताचंसुद्धा. आणि मोठमोठ्यानं पाढे म्हणायला लागल्या. “बे एके बे! बे दुणे चार!” मायाला ती मोठीच गंमत वाटली, तीही ओरडायला लागली, “बे त्रिक सहा!” नर्स धावत आली. दम लागल्यावर बाईंनी बोटं काढली आणि मला म्हणाल्या, “माणच्या पोराचे हात अजून मीच मोजतेय ना? मला कळलं की माझी नजर बदलणार. मला कळलं नाही तरी चालेल हो, खोटं कळायला नको.” मग हिराबाईला म्हणाल्या, “तू सोडलंस, हिरा. मी नाही सोडलं.” त्यांनी मायाचे दोन्ही हात मागितले. हिराबाईनं ते चादरीवर शेजारी शेजारी ठेवले. बाई ते बघत राहिल्या, आधी एक, मग दुसरा, पुन्हा पहिला... त्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं, शपथेवर सांगतो. परीक्षेच्या निकालाची वाट बघणाऱ्या मुलीसारख्या दिसत होत्या.

माणच्या मुलाचे शेवटचे हात मग विभागातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मोजले. सगळे आकडे जमले आणि गेल्या आठवड्यात मी कुठल्या हाताला काय होतं ते उघड केलं. औषधाच्या हाताच्या जखमा लवकर भरल्या होत्या. फोड थांबलेले नाहीत, आजार जागच्या जागी आहे, एकूण मुलं थोडी आहेत आणि अजून पुष्कळ तपासायचं आहे. पण बहुतेक मुलांत लवकर भरल्या होत्या, खरोखर लवकर, आणि अपाय कुठंच नव्हता. प्रयोगशाळेत मी एकटा होतो. “लय भारी!” असं मी मोठ्यानं म्हटलं. माझ्या जन्मात मी हा शब्द पहिल्यांदाच उच्चारला असेन.

परवा सगळ्यांना बोलावलं. समितीनं आता सगळ्या मुलांना औषधच द्यायला परवानगी दिली होती. आयांच्या खोलीत मी उभा राहून निकाल सांगितला, सोप्या शब्दांत, वाढवून न सांगता, बाईंनी सांगितला असता तसा. त्या खोलीत टाळ्या वाजवत नाहीत. फार पूर्वी कुणाच्या तरी वाढदिवसाला सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मुलांनीही वाजवल्या आणि त्यांचे तळवे फोडांनी भरून आले. तेव्हापासून बाईंनी ठरवून टाकलं होतं, की आनंद झाला की दोन्ही हात वर करायचे आणि बोटं हलवायची. माझं बोलणं संपलं आणि क्षणभरानं हात वर गेले. पट्ट्या बांधलेले छोटे हात, आयांचे काकणांचे हात, तरुण डॉक्टरीणबाईंचे, दारातल्या मावशींचे. आवाज फक्त काकणांचा. मी दगड खरा, पण माझेही दोन्ही हात वर होते आणि चष्म्यातून काही दिसत नव्हतं.

हात खाली आल्यावर हिराबाई जवळ आली. “मायाच्या कुटल्या हाताला व्हतं, सर?”

“डाव्या.”

“म्हंजी उजवा नुसताच ऱ्हायला एवडे दिस.”

“हो.”

“आता दोनीला लावायचं न्हवं?”

“दोन्हीला.”

ती खाली बसली. नव्या ट्यूबेचं टोपण काढलं, मायाचा उजवा हात मांडीवर घेतला आणि आधी त्याला लावलं.